जनावरांच्या शरीरात साठणारी धातुविषे

कालपर्यंत नीट चरणारी मेंढी अचानक खाणे सोडते. तिचे डोळे व हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी काळपट तांबडी होते आणि एक-दोन दिवसांत ती दगावते. मेंढपाळ विषारी पाल्याला किंवा सर्पदंशाला दोष देतो, आणि पुष्कळदा तो दोष खराही असतो. परंतु शवविच्छेदनात चरबी पिवळी व मूत्रपिंडे बंदुकीच्या पोलादासारखी निळसर काळी दिसली, तर तांब्याच्या विषबाधेचा संशय घ्यावा. हे विष त्या दिवशी पोटात गेलेले नसते. कित्येक आठवडे, कधी महिनेही, ते यकृतात म्हणजे कलेजीत साठत आलेले असते.

तांबे हे मुळात विष नव्हे. रक्त तयार होण्यास व केसांना रंग येण्यास ते लेशमात्र लागतेच. गाय जादा तांबे पित्तावाटे बऱ्याच अंशी बाहेर टाकू शकते. मेंढीस ते फारसे साधत नाही. तिचे यकृत भरत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढे लांबची वाटचाल, उपासमार किंवा हवामानातील बदल असे काही निमित्त घडते, यकृताच्या पेशी फुटतात व तांबे एकदम रक्तात उतरते. रक्तातील तांबड्या पेशी त्यामुळे नष्ट होतात. कावीळ व तांबडी लघवी ही त्याचीच चिन्हे होत.

मग किती तांबे घातक समजावे? याला एका आकड्यात उत्तर नाही. चाऱ्यात मॉलिब्डेनम हा धातू फार कमी असेल, तर वाळलेल्या चाऱ्याच्या दहा लाख भागांत १५ ते २० भाग तांबेदेखील मेंढीस कालांतराने बाधू शकते. मॉलिब्डेनम व गंधक पुरेसे असतील, तर तेवढेच तांबे सहसा बाधत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात गंधक व मॉलिब्डेनम यांचा संयोग होतो, हा संयोग तांब्याला जखडून ठेवतो आणि ते शेण-लेंड्यांवाटे निघून जाते.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात याची उलट बाजू दिसून आली. तेथील काही कुरणांवर गाईंना हटकून हगवण लागे व त्यांचे केस फिके पडत. त्या गवतात मॉलिब्डेनम अतिरिक्त, २० ते १०० भागांपर्यंत, असल्याचे १९३८ साली उघडकीस आले. जनावरांना तांब्याची उणीव भासत होती. मोरचूद पोटात देताच ती सुधारली. मेंढीचा जीव घेणारे मोरचूद तेथे औषध ठरले! अर्थात हा उपाय पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून करण्याचा नव्हे.

आपल्याकडे द्राक्षबागांत बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातही मोरचूदच असते. फवारलेल्या बागेतील गवतावर मेंढ्या सोडू नयेत. गाईंसाठी तयार केलेले क्षारमिश्रण 'थोडे देऊन पाहू' म्हणून मेंढ्यांपुढे ठेवणे हीही तशीच चूक होय.

कॅडमियमची गोष्ट निराळी आहे. त्याचा शरीराला उपयोग असा काही नाही. १९५७ साली मार्गोशेस व व्हॅली या शास्त्रज्ञांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियम धरून ठेवणारे एक प्रथिन सापडले. जस्त व तांबे यांनाही धरणारे हे प्रथिन कॅडमियमचा दाह आवरते, पण त्याला शरीरातून सहजी जाऊही देत नाही. म्हणून जनावर जितके म्हातारे, तितका मूत्रपिंडातील साठा मोठा. आहारात जस्त कमी असेल तर हा साठा अधिकच वाढतो. कारखान्यांचे सांडपाणी व त्याचा गाळ यांवर वैरण पिकविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शिसे मात्र बहुतांशी हाडांत जाऊन बसते, कारण शरीर त्याला चुन्यासारखेच वागविते. चुना व लोह कमी असलेल्या आहारावर शिसे अधिक शोषले जाते, आणि वासरे ते मोठ्या गुरांहून जास्त शोषतात. गोठ्यामागे टाकलेल्या फुटक्या बॅटरीच्या पट्ट्या, जुन्या रंगाचे पोपडे, इंजिनाचे जळके तेल ही गुरे आवडीने चाटतात. शिशाचे जड तुकडे जाळीदार पोटात अडकून सावकाश विरघळत राहतात. आंधळेपणा, दात खाणे, भिंतीला डोके टेकून उभे राहणे, अंग थरथरणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकास बोलवावे. पिसाळल्याची लक्षणेही अशीच असू शकतात, म्हणून तोंडात हात घालू नये. गाभणपणी व दुभत्या काळात हाडांतील चुना झिजतो, तेव्हा शिसेही सुटून दुधात उतरू शकते. म्हणून बाधित गाईचे दूध तपासणी होईपर्यंत घरात वापरू नये व विकूही नये.

धातुविषाचा संशय असलेल्या मृत जनावराची कलेजी व गुर्दे कोणी खाऊ नयेत, कुत्र्यांनाही घालू नयेत. पशुवैद्यकाकरवी त्यांचे ताजे तुकडे वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत, बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे धाडावेत आणि सोबत चारा, खुराक व क्षारमिश्रण यांचे नमुनेही द्यावेत.