दुकानाची फळी आणि तिचा टेकू

लोणार हें नांव निघालें कीं ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें प्रथम सरोवर उभें राहतें. उल्केच्या आघातानें काळ्या खडकांत पडलेलें सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें तें विवर, १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें केलेली त्याची नोंद, २०२० च्या जून महिन्यांत गुलाबी झालेलें त्याचें पाणी आणि त्याच वर्षीं रामसर यादींत झालेला त्याचा समावेश, या गोष्टी आतां लहान मुलेंहि सांगतात. परंतु प्रस्तुत लेखांत सरोवराचें वर्णन करावयाचें नाहीं. सरोवर पाहून वर आलेला प्रवासी ज्या पेठेंतून जातो, त्या पेठेंतील दुकानांच्या फळ्यांविषयीं आणि त्या फळ्यांना आधार देणाऱ्या टेकूंविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तो तसा नाहीं, हें पुढील हकीकतीवरून कळून येईल.

कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन श्रावणांत, माझ्या परिचयाच्या एका किराणा दुकानांत एक फळी कोसळली. दुकान जुनें, भिंत दगडमातीची, तिला वरून चुन्याचा हात दिलेला. फळीवर नुकतेच आणून ठेवलेले तेलाचे डबे व मसाल्याच्या काचेच्या बरण्या होत्या. दुकानदाराचा दहा वर्षांचा मुलगा त्या फळीखालीं बसून वही आंखीत होता. आईनें हांक मारली म्हणून तो उठला, आणि तो उंबरठा ओलांडतो न ओलांडतो तोंच फळी खालीं आली. मुलगा वांचला, माल मात्र गेला. तो माल उधारीवर आणलेला होता, व ती उधारी फेडतां फेडतां त्या गृहस्थांची दिवाळी गेली. त्यांनीं सुताराला दोष दिला, सुतारानें भिंतीला दिला, आणि शेजाऱ्यांनीं दैवाला. खरा दोष कोठें होता हें समजून घेण्यास थोडें यंत्रशास्त्र पुरेसें आहे, व तेवढें तर आपल्या वर्गांत शिकविलेंच जातें.

भिंतीला ठोकलेला टेकू म्हणजे बहुधा काटकोनांत वळविलेली लोखंडी पट्टी असते. तिची एक भुजा फळीखालीं व दुसरी भिंतीला लागून असते. फळीवरील वजन टेकूस खालीं दाबतें, एवढेंच आपल्या लक्षांत येतें; परंतु तें त्यास भिंतीपासून पुढें ओढीतहि असतें. टेकूचें खालचें टोंक भिंतींत रुततें व वरचा खिळा बाहेर खेंचला जातो. येथें तरफेचा नियम लागूं होतो. समजा, फळी १२ इंच रुंद असून तिच्यावर ४० किलो माल आहे व तिला दोन टेकू आहेत. प्रत्येक टेकूच्या वांट्यास २० किलो आले. माल सारखा पसरला असेल, तर त्याचें वजन भिंतीपासून ६ इंचांवर एकवटलें आहे असें धरतां येतें. टेकूच्या उभ्या भुजेची उंची, वरच्या खिळ्यापासून खालच्या टोंकापर्यंत, ६ इंच असेल तर खिळ्यावर २० किलोची ओढ बसते. तीच उंची १२ इंच केली तर ओढ १० किलोवर येते. उलटपक्षीं, सर्व माल फळीच्या पुढच्या कडेस मांडला, तर ६ इंची भुजेच्या खिळ्यावर ४० किलोची ओढ पडते. गिऱ्हाइकास दिसावें म्हणून आपण बरण्या पुढें ओढून मांडतों, तेव्हां न कळत खिळ्याचा भार दुप्पट करीत असतों. त्यांत भिंत मातीची व दिवस पावसाचे! ओलाव्यानें माती सैल झाली, खिळा सुटला, आणि पुढचें सर्व घडलें. दैवाचा त्यांत कांहीं संबंध नव्हता.

यावर उपाय दोन आहेत. पहिला असा कीं, टेकूची उभी भुजा लांब करावी आणि दोन्ही भुजांच्या टोंकांस जोडणारी एक तिरपी पट्टी घालून त्रिकोण पुरा करावा. चार पट्ट्यांचा चौकोन कोंपऱ्यांशीं हलतो व तिरपा होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण हलत नाहीं. भिंत पक्क्या विटांची व सिमेंटची असेल तर हा उपाय पुरेसा होतो. दुसरा उपाय असा कीं, भार भिंतीवर टाकूंच नये. तो उभ्या खांबांवरून जमिनीकडे न्यावा, आणि भिंतीकडे फक्त मांडणी पुढें कलूं न देण्याचें काम सोंपवावें. जुन्या मातीच्या भिंतींना हाच उपाय योग्य.

हा दुसरा उपाय आपल्या गांवांत शेंकडों वर्षें उभा आहे. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूच्या नांवानें ओळखलें जाणारें दैत्यसूदन मंदिर आपण सर्वांनीं पाहिलें आहे. ज्या मंदिरांना हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आहे, त्यांची बांधणी चुन्यावांचून, दगडावर दगड बसवून केलेली असते. त्यांच्या खांबांच्या माथ्यावर चहूं बाजूंस पुढें आलेले दगडी हस्त असतात व त्या हस्तांवर तुळया टेकतात. दगड दाब पुष्कळ सोसतो, पण वांकविला असतां लौकर तुटतो. हस्त पुढें आल्यामुळें तुळईचा मधला निराधार भाग आंखूड होतो व ती तुटत नाहीं. पुष्कळ मंदिरांत या हस्तांच्या जागीं कीचक कोरलेले असतात. हात वर करून ते छत पेलीत आहेत असें भासतें. कारागिरानें टेकू लपविला नाहीं. त्याचें काम काय आहे हेंच त्याच्या रूपावरून सांगितलें, आणि तेंच भूषण झालें. दुकानाची मांडणी करणाऱ्यानें हा धडा अवश्य घ्यावा.

आतां फळीकडे वळूं. फळी मधें कां झोल खाते? दोन टेकूंमधील अंतर दुप्पट केलें व दर फुटास तितकाच माल ठेवला, तर झोल दुप्पट न होतां सोळापट होतो. फळीची जाडी दुप्पट केली, तर तो आठवा हिस्सा राहतो. यावरून दिसतें कीं, जाड फळी विकत घेण्यापूर्वीं टेकू जवळ घेणें हा स्वस्त मार्ग आहे. शिवाय टेकू अगदीं टोंकांस देण्याचीहि गरज नाहीं. लांबीच्या एक-पंचमांशाहून किंचित् अधिक अंतर दोन्ही टोंकांपासून सोडून टेकू दिले, तर बाहेर राहिलेल्या भागांचें वजन मधल्या भागास वर उचलून धरतें आणि झोल नाममात्र उरतो. चार फुटी फळीस दोन्ही बाजूंनीं साडेदहा इंच सोडले म्हणजे झालें. मात्र एकाच टोंकावर जड माल ठेवूं नये, आणि फळी टेकूंना मळसूत्री खिळ्यांनीं बांधून ठेवावी. नाहींतर ती उलटेल.

मजबुतीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे मांडणीची बदलतां येण्याची सोय. आपल्या पेठेंतील दुकानाचें वर्ष पाहा. जूनमध्यें वह्या, दप्तरें व छत्र्या. त्याच सुमारास कपाशीचें व सोयाबीनचें बियाणें. नवरात्रांत कमळजादेवीच्या यात्रेसाठीं नारळ, हळदकुंकू, बांगड्या. दिवाळींत पणत्या, उटणें, रांगोळी. वहीस नऊ इंचांचा खण पुरतो. तेलाच्या डब्यास दीड फूट लागतो. खण कायमचे ठोकलेले असले म्हणजे वहीवर अर्धा हात जागा रिकामी राहते आणि डबे जमिनीवर येतात. लहान दुकानांत जागा हेंच भांडवल असतें. तें असें वायां घालविणें परवडत नाहीं.

जुन्या लोकांस ही सोय ठाऊक नव्हती असें नाहीं. वाड्यांतील कोनाडे व फडताळें भिंतींतच केलेलीं असल्यामुळें बदलतां येत नसत. परंतु जुन्या दुकानांचे फळ्यांचे दरवाजे आठवा. सकाळीं एकेक फळी खांचेंतून सरकवून काढावयाची आणि रात्रीं क्रमानें पुन्हां बसवावयाची. ना खिळा, ना मळसूत्र, केवळ खांच. आठवड्याच्या बाजारांतील व्यापारी तर बाजेवर फळ्या टाकून घटकेंत दुकान थाटतो व सायंकाळीं तें पाठीवर घेऊन जातो.

हीच कल्पना परदेशांत कशी वाढली तें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडमध्यें लिव्हरपूल येथील फ्रँक हॉर्नबी यानें १९०१ सालीं एका खेळण्याचें एकस्व घेतलें. समान अंतरावर भोंकें पाडलेल्या पट्ट्या व चाव्यांचे खिळे यांपासून मुलांनीं पूल, गाड्या, याऱ्या कराव्या, असें तें खेळणें पुढें मेकॅनो या नांवानें प्रसिद्ध झालें. लंडनमध्यें छापखाना चालविणाऱ्या दिमित्रियस कोमिनो यानें काटकोनी पोलादी पट्टीस ओळीनें भोंकें पाडून, हवी तेथें तोडून हवी तशी जोडतां येईल अशी पट्टी तयार केली. तिचें उत्पादन १९४७ सालीं सुरूं झालें. आज आपल्या पेठेंत जिला ‘स्लॉटेड अँगल’ म्हणतात ती हीच. स्वीडनमध्यें १९४९ सालीं निस्से स्ट्रिनिंग यानें तारेच्या बारीक शिड्या भिंतीला टांगून त्यांत फळ्या अडकविण्याची मांडणी केली, आणि जर्मनीच्या डीटर राम्स यानें १९६० सालीं भिंतीवरील उभ्या पट्टीच्या भोंकांत खुंट्या घालून फळ्या वर-खालीं करतां येतील अशी ६०६ क्रमांकाची मांडणी योजिली. चौघांचेंहि तत्त्व एकच: भोंकें समान अंतरावर असावीं, म्हणजे कोणताहि भाग कोठेंहि बसतो.

या तत्त्वावर आपल्या गांवच्या सुताराकडून पुढीलप्रमाणें मांडणी करून घेतां येईल. सागवानाचे चार उभे खांब घ्यावे. दोन-दोन खांब आडव्या पट्ट्यांनीं जोडून दोन शिड्या कराव्या. प्रत्येक खांबास दोन-दोन इंचांवर एका रेषेंत भोंकें पाडावीं. हें काम डोळ्यांच्या अंदाजानें करूं नये. एक पट्टी नमुना म्हणून तयार करून तीच चारहि खांबांवर ठेवावी, नाहींतर फळी एका कोंपऱ्यावर डुगडुगेल. भोंकांतून लोखंडी गज आरपार घालून त्यांवर फळ्या ठेवाव्या. मागील बाजूस एक तिरपी पट्टी मारावी. तिनें पूर्वीं सांगितलेला त्रिकोण साधतो व मांडणी झुलत नाहीं. खांबांखालीं दगडी चीप द्यावी, म्हणजे ओल व वाळवी लांकडास लौकर लागत नाहीं. माथ्याशीं मात्र ती भिंतीला किंवा तुळईला बांधावी. जड डबे खालीं, हलका माल वर, हा नियम कधींहि मोडूं नये.

शेवटीं सौंदर्याविषयीं. पुष्कळ दुकानदार सौंदर्य म्हणजे चकचकीत पत्रा व रंगीबेरंगी दिवे असें समजतात. गिऱ्हाइकानें पाहावयाचा असतो तो माल. म्हणून टेकू फळीच्या कडेपासून दोन-तीन इंच मागें असावा, त्याचें टोंक गोलावलेलें असावें, म्हणजे तो डोळ्यांत भरत नाहीं व मुलांच्या डोक्याला लागत नाहीं. सर्व टेकू एका घाटाचे व एका रंगाचे असावे. नित्य खपाचा माल डोळ्यांच्या उंचीवर असावा. ज्यास हौस असेल त्यानें टेकूच्या तिरप्या पट्टीस कमळाची पाकळी किंवा वेलीचें वळण द्यावें. मात्र नक्षीसाठीं लांकूड इतकें कोरूं नये कीं त्याचा जोर जाईल. कीचकाचें पोट मोठें आहे तें उगीच नव्हे!

विद्यार्थी मित्रहो, सुटींत एक काम करा. आपल्या घरच्या किंवा ओळखीच्या दुकानाच्या फळीच्या वरच्या अंगास, मालक हो म्हणाल्यास, एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत दोरी ताणून धरा आणि दोरी व फळी यांमधें मध्यभागीं किती अंतर पडतें तें मोजा. टेकूचा वरचा खिळा बोटानें हलवून पाहा. अंतर मोठें असेल किंवा खिळा हलत असेल, तर वडील मंडळींस त्याच दिवशीं सांगा. ज्या दुकानदाराची हकीकत वर दिली, त्यांनीं आतां जमिनीवर उभी राहणारी मांडणी करून घेतली आहे. त्यांचा मुलगा आजहि तिच्या खालींच बसून अभ्यास करतो. आणि वडील गल्ल्यावरून मधून मधून वर पाहतात, तें केवळ संवयीनें.