तंतोतंत नक्कल

महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावणारी सावित्री घाट उतरून पोलादपूरला येते, तिथून महाडला आणि पुढे बाणकोटच्या खाडीला. २२ जुलै २०२१ रोजी याच वाटेने आलेल्या पाण्याने महाडची बाजारपेठ बुडवली. त्याच दिवशी तळियेची वाडी दरडीखाली गेली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर कोसळला. वीज गेली, फोन मुके झाले. अशा मुलखातल्या माणसाचा सातबारा, बँकेतली शिल्लक, दवाखान्यातली नोंद आता कुठल्या ना कुठल्या चालू डेटाबेसमध्ये असते. म्हणून त्या डेटाबेसची दुसऱ्या यंत्रावर नक्कल कशी होते, हे समजून घेणे फक्त संगणकवाल्यांचे काम नाही. नकलेच्या पद्धती अनेक आहेत आणि त्यांच्या गुणदोषांवर वादही खूप होतात. पण दुसऱ्या यंत्रावर उघडून, वाचून, मुळाशी ताडून पाहिलेली नसेल, तर कुठल्याही पद्धतीची नक्कल भरवशाची नाही, असे माझे ठाम मत आहे.

मुळात अडचण कुठे येते? चालू डेटाबेस ही कोणीतरी सतत लिहीत असलेली वही आहे. जमिनीचा फेरफार मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केला की गाव नमुना सहा, सातबारा आणि आठ-अ या तिन्ही ठिकाणी बदल व्हावा लागतो. समजा, फायली एकेक करून उचलल्या, आठ-अ दहा वाजता आला, सातबारा साडेदहाला, आणि मधल्या वेळात फेरफार प्रमाणित झाला. नकलेत एका कागदावर जुना मालक राहील, दुसऱ्यावर नवा. प्रत्येक फाईल धडधाकट, पण एकत्र वाचली की खोटी. नकलेच्या सगळ्या पद्धती या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरे आहेत : सगळी माहिती एकाच क्षणाची कशी मिळवायची? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे काम थांबवून फायली उचलणे. ते रात्री बंद होणाऱ्या कार्यालयाला जमते, दवाखान्याला नाही. दुसरे उत्तर डंपचे. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचा पीजी-डंप एक क्षण धरून त्या क्षणाची माहिती वाचतो आणि ती पुन्हा उभी करण्याच्या आज्ञा लिहून देतो. हा डंप जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर नेता येतो, पण मोठ्या डेटाबेसमध्ये परत भरताना सगळ्या अनुक्रमणिका नव्याने बांधाव्या लागतात आणि त्यात तास जातात. तिसऱ्या पद्धतीत काम चालू असतानाच फायली उचलतात, त्या काळातल्या बदलांची रोजनामा-फाईलही सोबत घेतात आणि नव्या यंत्रावर ती पुढे वाचत नेऊन सगळे एका क्षणावर आणतात. चौथी पद्धत स्नॅपशॉटची. डिस्क त्या घडीला गोठवल्यासारखी धरली जाते आणि पुढे जो तुकडा बदलेल त्याचीच जुनी प्रत बाजूला ठेवली जाते. ही नक्कल काही सेकंदांत तयार होते, पण दुसरीकडे हलवेपर्यंत ती त्याच कपाटात असते. कपाट पाण्याखाली गेले की दोन्ही गेल्या.

यावर जाणकार म्हणतील, दूरच्या यंत्रावर क्षणोक्षणी चालणारी प्रतिकृती ठेवली की एवढा खटाटोप कशाला? पण प्रतिकृती चूकही तितक्याच निष्ठेने उतरवते. इथे चुकून पुसलेली नोंद तिथेही लगेच पुसली जाते. शिवाय प्रतिकृती स्वतःच मागे पडू शकते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत हेच झाले. मागे पडलेली प्रतिकृती नव्याने उभारताना एका अभियंत्याच्या हातून मुख्य यंत्रावरचीच माहिती पुसली गेली. मग डंप शोधले तर ते नव्हतेच. डंप काढणारी आज्ञा पोस्टग्रेसच्या जुन्या आवृत्तीची होती, सर्व्हर नव्या आवृत्तीचा होता, आणि डंप फसल्याचे कळवणारे ईमेल पोहोचतच नव्हते. शेवटी कामी आली ती चाचणीच्या यंत्रासाठी सहा तास आधी काढलेली नक्कल. मधल्या सहा तासांतली माहिती कायमची गेली. मला यात महत्त्वाचे वाटते ते हे, की राखून ठेवलेल्या नकला फसल्या आणि कोणीतरी वापरायला काढलेली नक्कल टिकली.

नक्कल मुळाशी ताडून पाहण्याची गोष्ट महाराष्ट्राच्या महसूल खात्याने फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे आणि तिचे पुरेसे कौतुक झालेले नाही. हस्तलिखित सातबारा संगणकावर आणताना ‘तंतोतंत’ हा शब्द परवलीचा होता. टंकलेखनात नावे, क्षेत्र, इतर हक्क यांत चुका राहिल्या, म्हणून एडिट आणि री-एडिट अशा फेऱ्या झाल्या, आणि २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले. ज्यांची जमीन त्यांच्यासमोर नवी नक्कल वाचायची आणि चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त करायची. यंत्राच्या जगात याला समांतर काम आहे. नवा डेटाबेस उभा करा, प्रत्येक तक्त्यातल्या नोंदी मोजा, बेरजा ताडा, रोजचे चार अहवाल त्यावर काढून पाहा. हे दर आठवड्याला आपोआप व्हायला हवे.

याला दोन आक्षेप घेतले जातात, आणि ते रास्त आहेत. पहिला खर्चाचा. पण पूर्ण आकाराचे यंत्र कायम चालू ठेवावे लागत नाही. तपासणीपुरते उभे करून मोडता येते. दुसरा जास्त गंभीर आहे : खऱ्या माणसांची माहिती चाचणी करणाऱ्यांच्या हाती का द्यायची? देऊ नयेच. ताडून झाले की नावे, फोन, आधार क्रमांक बदलावेत, आणि तेही असे की एकाच खातेदाराला सगळ्या तक्त्यांत एकच बनावट नाव मिळेल, नाहीतर दुवे तुटतात. आणि त्याही आधी, नक्कल सुरू करण्यापूर्वीच तिच्यातून बाहेर जाणारे संदेश बंद करावेत. नाहीतर चाचणीच्या यंत्राने पाठवलेली थकबाकीची नोटीस खऱ्या शेतकऱ्याच्या फोनवर जाऊन पोहोचते.

राहिला अंतराचा प्रश्न. महाडची प्रत पोलादपूरला ठेवणे सोयीचे वाटेल, पण नदी तीच आणि पाऊसही तोच. दूरच्या प्रतीचे मोल याच पोलादपूरला आठवते. इथे कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे ‘शिवभारत’ हे काव्य आपल्या हाती आले ते मात्र तंजावरच्या प्रतीमुळे. त्यावरून स. म. दिवेकरांनी १९२७ साली ते संपादित केले. दूरची प्रत टिकली, पण ती जिथवर उतरली होती तिथवरच. तिचे ३१ अध्याय पूर्ण आहेत. बत्तिसावा नवव्या श्लोकापाशी थांबतो.