घोटाळ्याची झुळूक?

मंडळाच्या अनुवाद-सत्रात मी 'व्हिफ ऑफ स्कँडल'चं भाषांतर 'घोटाळ्याची झुळूक' असं केलं आणि सगळे हसले. शब्दकोशात पाहिलेला पहिला अर्थ मी तसाच उचलला होता.

'व्हिफ' म्हणजे नाकाला क्षणभर जाणवलेला पुसट वास. तो कॉफीचा असेल, तसा गटाराचाही. लाक्षणिक वापरात मात्र हा शब्द बहुतेकदा संशयाकडे झुकतो: लबाडीचा, भ्रष्टाचाराचा 'व्हिफ'. आपली झुळूक सुखद. ती तिथे कशी शोभणार?

'वाफ्ट'मध्ये वास हवेवर तरंगत येतो. दूरचं गाणंही तसंच येतं. 'सेंट' हा सुगंध खरा, पण शिकारी कुत्रा हुंगतो तो मागही 'सेंट'च; म्हणून पोलीस गुन्हेगाराच्या 'सेंट'वर असतात. 'रेडोलंट' म्हणजे मुळात सुवासिक. पुढे 'आठवण जागवणारं'.

मग स्कँडलचं काय? 'घोटाळ्याची कुणकुण'! इंग्रजीत नाक, मराठीत कान. अर्थात नाक आपणही वापरतोच: 'संशयाचा वास येतो', 'मला गंधवार्ताही नव्हती'.

तेव्हा मित्रांनो, शब्द उचलण्याआधी तो कुठे झुकतो, ते जरा हुंगून बघा!