आधी आकृती, मग इंटिग्रेशन

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत पहिल्या वर्षाचं दुसरं सेमिस्टर ‘एम-टू’च्या, म्हणजे गणिताच्या दुसऱ्या पेपरच्या, धाकात जातं. बीटा-गॅमा, डिफरन्शियल इक्वेशन्स, डबल आणि ट्रिपल इंटिग्रेशन असा सगळा ऐवज. बारावीला गणितात नव्वदच्या पुढे असलेली मुलंही इथे केटी लावून बसतात, म्हणजे विषय मागे ठेवतात. सराव कमी पडला, असं घरचे म्हणतात. पण आमच्या बॅचमध्ये कुंभोजकरांच्या पुस्तकातली सोडवलेली गणितं तोंडपाठ असणारे होते, आणि तेही अडायचे. अडायचे ते इंटिग्रेशनच्या आधीच.

ट्युटोरियलला सरांनी एकदा फळ्यावर डबल इंटिग्रल टाकलं. फंक्शन ई रेज टू वाय स्क्वेअर. आतलं इंटिग्रेशन वायचं, लिमिट्स एक्स ते १. बाहेरचं एक्सचं, ० ते १. लगेच सगळ्यांच्या माना वहीत. कुणी वाय स्क्वेअर बरोबर टी धरलं, कुणी बाय पार्ट्स लावलं. पान भरलं तरी गणित जागचं हलेना. हलणारही नव्हतं, कारण या फंक्शनचं इंटिग्रल आपल्या ओळखीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही. अशी इंटिग्रल्स ओळखायची कशी, याचा पाया लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८३०च्या दशकातच घातला होता.

“पेनं ठेवा, पेन्सिली काढा,” सर म्हणाले.

मग दोन अक्ष, वाय बरोबर एक्स ही तिरकी रेघ, वर वाय बरोबर १ ही आडवी रेघ. डावीकडे वाय-अक्ष धरून एक त्रिकोण तयार झाला. त्यात उभी स्ट्रिप काढली, तर ती तिरक्या रेघेवरून निघते आणि वरच्या रेघेला टेकते. हे झालं दिलेलं गणित. आता स्ट्रिप आडवी केली. ती वाय-अक्षावर सुरू झाली आणि तिरक्या रेघेवर संपली. म्हणजे एक्स ० ते वाय, आणि वाय ० ते १. आत आता एक्सचं इंटिग्रेशन. फंक्शनमध्ये एक्स नाहीच, त्यामुळे नुसता एक वाय गुणाकारात येतो. मघाचं सब्स्टिट्यूशन त्याच वायच्या जोरावर चालतं. उत्तर (ई वजा १) भागिले २, सुमारे ०.८५९. आकृतीला पाच मिनिटं लागली, इंटिग्रेशन दोन ओळींत संपलं.

बारावीत लिमिट्स छापून आलेल्या असतात. आपण फक्त इंटिग्रेट करून किमती घालायच्या. एम-टूमध्ये लिमिट्स हेच गणित असतं. परीक्षेत हमखास येणारं दुसरं एक उदाहरण घ्या: एक्स ० ते १, वाय एक्स स्क्वेअरपासून २ वजा एक्सपर्यंत. पॅराबोला आणि सरळ रेघ (१, १) या बिंदूत भेटतात. आडवी स्ट्रिप वाय १च्या खाली असेपर्यंत पॅराबोलावर संपते, त्याच्या वर गेली की रेघेवर. म्हणून इंटिग्रेशनची ऑर्डर बदलताना इंटिग्रल दोन तुकड्यांत लिहावं लागतं. आकृती न काढता लिमिट्सची नुसती अदलाबदल करणाऱ्याला हा सांधा दिसतच नाही. तो एकच इंटिग्रल लिहितो, पुढची सगळी आकडेमोड बिनचूक करतो आणि तरी मार्क जातात. निदान एक ताळा तरी जवळ हवा: बाहेरच्या लिमिट्स आकडेच असल्या पाहिजेत. उत्तरात एक्स किंवा वाय शिल्लक राहिला, तर समजावं, गडबड लिमिट्समध्ये आहे.

पुढे एखाद्या पत्र्याचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी किंवा मोमेंट ऑफ इनर्शिया काढायची वेळ येते, तेव्हा हातात ड्रॉइंग असतं, लिमिट्स नसतात. इंटिग्रल सोडवून देणारी सॉफ्टवेअर्स आता फुकट मिळतात. पण कुठून कुठपर्यंत, हे त्यांनाही आपणच टाइप करून द्यायचं असतं. प्रदेश चुकीचा सांगितला, तर ती चुकीच्या प्रदेशाचं अचूक उत्तर देतात.