रुग्णालयातले दिवस (भाग ६) : “जाईन मी एकटा”

चिंचणीचा रुग्ण बोईसरच्या नर्सिंग होममध्ये असो की डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात, “एकट्यानं उठू नका” असं सिस्टरनं बजावलं की उत्तर ठरलेलं असतं, “काही होत नाही, जाईन मी.” याला सगळे हट्ट म्हणतात. खरं तर तो हिशेब असतो, फक्त जुन्या आकड्यांवर मांडलेला. जन्मभर डोक्यावर मासळीची पाटी घेऊन ओल्या वाळूतून चाललेल्या बाईला चार पावलांवरच्या संडासाची भीती का वाटावी? तिचा विश्वास अनुभवातूनच आलेला आहे, पण तो अनुभव आजारापूर्वीच्या शरीराचा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवलं, तेव्हा त्यांच्या पायांतलं जवळपास १ किलो मांस झडलं. झोपून असताना हे कळत नाही. कळतं ते उभं राहिल्यावर, रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा.

कॅनडातल्या परिचर्या-संशोधक जॅनिस मॉर्स यांनी १९८०च्या दशकात पडण्याचा धोका मोजणारा तक्ता तयार केला. त्यात आधी पडल्याचे २५ गुण, सलाईन लावलेलं असल्यास २०, आणि रुग्णाला स्वतःच्या ताकदीचा अंदाज नसेल तर त्याचे वेगळे १५. हा अंदाज तपासायची रीत साधी आहे. “बाथरूमला एकटे जाल की कुणी लागेल?” एवढंच विचारायचं आणि उत्तर डॉक्टरांच्या सूचनेशी ताडून पाहायचं. मात्र ‘एकटा जाईन’ या उत्तरात नुसता अंदाज नसतो, संकोचही असतो. सुनेसमोर भांडं मागायचं कसं? शेजारी चटईवर लेकाचा आत्ता कुठे डोळा लागलाय, त्याला उठवायचं कशाला? मग पहाटे तीनला एका हातात सलाईनचा स्टँड, दुसऱ्या हातात लुंगीचा सोगा, पायात कुणाच्या तरी रबरी सपाता आणि समोर मोरीचा ओला उंबरठा. धोका माहीत असतो, पण लाजेपुढे तो लहान वाटतो.

मग रुग्णाला घाबरवावं का? तेही नको. घाबरलेला माणूस पलंग सोडत नाही आणि पाय आणखी अशक्त होतात. यंत्रावर विसंबावं, तर २०१२ सालच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत उठताच वाजणाऱ्या पलंगाच्या अलार्मनं पडणं कमी झालेलं दिसलं नाही. उलट ऑस्ट्रेलियातल्या २०११च्या चाचणीत रुग्णाला चित्रफीत व पुस्तिका दिली, फिजिओथेरपिस्टनं पलंगाशी बसून त्याच्याच सवयींबद्दल बोलणं केलं, तेव्हा शुद्धीत असलेल्यांचं पडणं निम्म्याहून कमी झालं. आपल्याकडे सिस्टरला एवढी सवड कुठे, हा आक्षेप रास्त आहे. पण मॉर्सबाईंचा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट पुरतं, आणि तो सोबतच्या माणसासमोर विचारला तर “मला उठवा, मी रागावणार नाही” हे लेकाच्या तोंडून तिथेच वदवून घेता येतं. खरी अडचण भ्रमिष्ट झालेल्या रुग्णाची. त्याच ऑस्ट्रेलियन चाचणीत अशांना समजावण्याचा उपयोग झाला नाही. रात्री ‘घरी जायचंय’ म्हणून उठणाऱ्या आजोबांना कितीही बजावलं तरी ते विसरणार. तिथे घरच्यांनी पाळ्या लावून जागायला हवं, आणि सोबतीला एकाच माणसाचा पास देताना रुग्णालयानं रात्रपाळीपुरता बदली माणूस आत घ्यायला हवा.