निजलेल्याचा पहारा

कर्जत-खालापूरकडील जुन्या घरांतून रात्रीं माजघरांत एका ओळीनें अंथरुणें पडत. या रीतीचा एक मोठा गुण आमच्या फार उशिरां ध्यानांत आला. कोणास झोपेंत फेफरें आलें, तर शेजारीं निजलेल्यास तें तत्काळ कळे. आतां कुटुंब एकत्र असलें तरी खोल्या निराळ्या व दारें बंद. रात्रीचा झटका सकाळीं चावलेल्या जिभेवरून किंवा ओल्या अंथरुणावरून समजतो.

‘अपस्मार’ म्हणजे स्मृतीचा लोप. चरकसंहितेच्या निदानस्थानांत त्यास स्वतंत्र अध्याय आहे. परंतु रात्रीं स्मृतीबरोबर श्वासही थांबण्याचा क्वचित् संभव असतो. या विकाराच्या हजार प्रौढ रुग्णांपैकीं सुमारें एक, व साडेचार हजार मुलांपैकीं एक, दरवर्षीं अकस्मात् दगावतो, असें अमेरिकेंतील मज्जाविकारतज्ज्ञांनीं २०१७ सालीं नमूद केलें. असे मृत्यु बहुधा झोपेंत, जवळ कोणी नसतांना होतात.

यासाठीं आतां यंत्रें निघालीं आहेत. एक गादीखालीं ठेवावयाचें. तें अंगाचे लयबद्ध हादरे ओळखतें. दुसरें दंडावर बांधावयाचें; तें हालचालीबरोबर हृदयाचे ठोकेही मोजतें व दुसऱ्या खोलींत घंटा वाजवितें. हॉलंडांत २८ रुग्णांवर केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दंडावरील यंत्रानें तीव्र झटक्यांपैकीं शेंकडा ८५ ओळखले, गादीखालच्यानें अवघे २१. म्हणजे उत्तम यंत्रही चुकतें. कधीं उगाच वाजतें. आणि औषधाची जागा तर तें मुळींच घेत नाहीं. कांहीं यंत्रें मोबाइलवर अवलंबून असतात. ज्या खालापूर तालुक्यांतील खोपोलीस १९१५ पासून वीज निर्माण होते, तेथेंही आषाढांत दिवे जातात. म्हणून वीज व नेटवर्क गेल्यावर घंटा वाजेल काय, हें विकत घेण्यापूर्वीं अवश्य विचारावें.

परंतु खरी अडचण निराळीच आहे. आमच्या आप्तांतील एका मुलीचें हें दुखणें लग्नांत लपविण्यांत आलें. सासरीं ती गोळ्या चोरून घेई. पाहुणे असले कीं चुकवी. एका पहाटे ती पलंगाखालीं पडलेली सांपडली. सुदैवानें वांचली. तिच्या सासूबाई एवढेंच म्हणाल्या, “मला सांगितलें असतें, तर मी तिच्याजवळ निजलें नसतें का?” त्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें, लपविण्याच्या मसलतींत आम्हीही होतों. वस्तुतः हिंदु विवाह कायद्यांतील अटींतून फेफऱ्याचा उल्लेख १९९९ सालींच काढून टाकण्यांत आला. कायद्यानें सोडलें, तें आम्ही मनांत धरून बसलों.

घंटा वाजल्यास काय करावें, हें घरांतील सर्वांस ठाऊक असावें. रुग्णास कुशीवर वळवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, कांदा वा वहाण हुंगवूं नये, घड्याळ पाहावें. पांच मिनिटांत झटका न थांबल्यास रुग्णालय गांठावें. शुद्धि येईपर्यंत जवळ बसावें.

यंत्र हांक मारील, उठावयाचें माणसानेंच. आणि ज्यानें रात्रीं उठावें असें आपणांस वाटतें, त्यास दिवसा विश्वासांत घेतलें पाहिजे.