“काका, बोर्ड गेलाय!”

आमच्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे कंपनीची सुट्टी. आणि सुट्टीच्या दिवशी फोनवर हे वाक्य ऐकू येणं आता ठरल्यासारखंच झालंय. भोसरी, मोशी, तळवडे, चाकण, सगळीकडची पोरं. ओव्हरटाइमच्या पैशातून एकेक भाग जमवतात, घरी फरशीवर कॅबिनेट आडवं टाकून पीसी जोडतात. जोडणी बहुतेक वेळा छान होते. मग विंडोज टाकायला बसतात, पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येतं आणि ते पुरतं वाचायच्या आत निदान तयार असतं: बोर्ड गेला.

मी विचारतो, बायोस उघडतंय का? उघडतंय. त्यात प्रोसेसरचं नाव दिसतंय? हो. रॅम? सोळा जीबी. डिस्क? तीही दिसतेय. मग बाबा, गेलंय काय?

जरा थांबून बघा. बायोसचा पडदा दिसण्याआधी एसएमपीएसने वीज दिलेली असते, प्रोसेसर जागा झालेला असतो, रॅमची जुजबी तपासणी उरकलेली असते आणि ग्राफिक्सने चित्र बाहेर पाठवलेलं असतं. एवढं करणारा बोर्ड शंभर टक्के निर्दोष असतो असं मी म्हणणार नाही, पण ‘गेलेला’ तो नक्कीच नसतो. आता बऱ्याच बोर्डांवर चार बारके दिवे असतात: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट. पहिल्या तीनपैकी एखादा पेटून राहिला तर माझा चेहराही गंभीर होतो. पण कोऱ्या डिस्कवर शेवटचा, बूटचा दिवा पेटला म्हणून घाबरणारे लोक मी पाहिलेत. अहो, डिस्कवर अजून काही टाकलेलंच नाही, बूट होणार कशावरून? तो दिवा लागायलाच हवा.

परवाचं उदाहरण सांगतो. शेजारचा मुलगा, आयटीआय करून चाकणला ॲप्रेंटिस. सगळे भाग नवे, फक्त डिस्क मामाच्या जुन्या पीसीतली. सेटअपमध्ये डिस्क निवडली की खाली ओळ यायची: या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, “बोर्ड डिस्क घेत नाही, बदलावा लागेल.” पोरगं आठ हजारांची जुळवाजुळव करायला निघालं होतं.

मी म्हटलं, ओळीच्या पुढचं वाच. पुढे स्वच्छ लिहिलं होतं की डिस्कवर एमबीआर पद्धतीची विभागणी आहे आणि ईएफआय मशीनवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येतं. बोर्डाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

एमबीआर म्हणजे डिस्कचा जुना सातबारा म्हणा. कुठला तुकडा कुठून कुठपर्यंत, याची नोंद. ही पद्धत १९८३ साली डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आली. तिच्यात मुख्य तुकडे जास्तीत जास्त चार आणि नेहमीच्या डिस्कवर मोजणी दोन टेराबाइटच्या आसपास संपते. जीपीटी ही नवी नोंदवही. तिच्यात विंडोज १२८ तुकडे मांडू शकतं आणि नोंदीची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. यूईएफआय, म्हणजे त्या ओळीतल्या ईएफआयच्या, पद्धतीने सुरू झालेलं विंडोजचं सेटअप नव्या नोंदवहीचाच आग्रह धरतं. मायक्रोसॉफ्टची स्वतःची मदतपानंही या एररचा अर्थ हाच देतात: मशीन यूईएफआयमध्ये सुरू झालंय, डिस्क त्यासाठी तयार नाही.

उपाय पाच मिनिटांचा आहे. मामाचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घेतले. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर तिची केबल काढून ठेवावी, कारण पुढची चूक माफ होत नाही. सेटअपच्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ-१० दाबलं की काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट डिस्क’. आकार बघून आपली डिस्क ओळखायची, तिचा क्रमांक देऊन ‘सिलेक्ट डिस्क’, मग ‘क्लीन’, मग ‘कन्व्हर्ट जीपीटी’. ‘क्लीन’ खरोखरच साफ करतं, विचारत बसत नाही. पोराने एंटर दाबलं, मागे जाऊन पडदा ताजा केला आणि तीच डिस्क त्याच बोर्डाने निमूट घेतली.

याच एररवर दुसरा हमखास सल्ला मिळतो, “बायोसमध्ये जाऊन लीगसी कर, होऊन जाईल.” होतंही कधीकधी, आणि म्हणूनच हा सल्ला मरत नाही. पण लीगसी म्हणजे जुन्या पद्धतीचं बायोस, आणि त्याची सोबत सोडणार असल्याचं इंटेलने २०१७ सालीच जाहीर केलं होतं. नव्या बोर्डांवर ती सोय अर्धवट आहे किंवा नाहीच. शिवाय विंडोज ११ ची अधिकृत अट यूईएफआय आणि सिक्युअर बूटची आहे. म्हणजे आज लीगसी करून वेळ मारून न्यायची आणि उद्या तिथेच येऊन अडकायचं.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हीच पोरं कंपनीत एक जॉब रिजेक्ट झाला तर व्हाय-व्हाय ॲनालिसिसचा कागद भरतात. पाच वेळा ‘का’ विचारल्याशिवाय सुपरवायझर सही करत नाही. सीएनसीवर प्रोग्राम लोड झाला नाही म्हणून स्पिंडल बदलायला कुणी निघत नाही, आधी अलार्म नंबर बघतात. घरी आले की अलार्म न वाचताच स्पिंडल बदलायचा!

नुसते आकडे आले तरी ते मुके नसतात. ‘०एक्स८००७०५७०’ हा नेहमीचा पाहुणा घ्या. पुढचं ‘८००७’ सांगतं की ही विंडोजची साधी चूक-यादी आहे. मागचं ‘५७०’ सोळाच्या पायावरचं, आपल्या दशमानात १३९२. यादीत १३९२ समोर लिहिलंय: फाइल खराब आहे, वाचता येत नाही. तेव्हा आधी संशय आयएसओवर आणि पेनड्राइव्हवर. मित्राकडून मित्राकडे फिरलेला, ‘सगळ्या सॉफ्टवेअरसकट’ तयार केलेला पेनड्राइव्ह असेल तर संशय दुप्पट. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ फुकट मिळतो, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. नवा पेनड्राइव्ह करूनही तेच झालं तर रॅमकडे वळा. खराब रॅममधून गेलेली चांगली फाइलही वाटेत बिघडते. बायोसमधला एक्सएमपी बंद करा, एकेक पट्टी लावून बघा, मेमटेस्ट रात्रभर चालवा. तिसऱ्या पाळीला जाताना लावून गेलात तर सकाळी निकाल तयार.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

“सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय, म्हणजे विंडोज पडतच नाही.” पडतंय हो. पहिल्या रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढला नाही, म्हणून मशीन परत त्याच्यावरूनच सुरू होतंय.

“बायोसमध्ये डिस्क दिसते, सेटअपमध्ये नाही, म्हणजे एसएसडी नकली.” इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे बऱ्याचदा व्हीएमडी हे डिस्क सांभाळणारं तंत्र चालू असतं. त्याचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाकून ‘लोड ड्रायव्हर’ करा. रेड वापरत नसाल तर विंडोज टाकण्याआधी व्हीएमडी बंद केलं तरी चालतं.

“विंडोज ११ साठी टीपीएमची चिप विकत घ्यावी लागते.” २०२१ साली या समजुतीवर अनेकांनी बक्कळ पैसे घालवले. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक बोर्डांवर ती सोय आतच आहे, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने. फक्त चालू करायची. मात्र प्रोसेसरच जुना असेल, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा, तर तो बहुधा अधिकृत यादीत नाही आणि टीपीएम लावून तो यादीत येत नाही.

“की असल्याशिवाय विंडोज टाकता येत नाही.” टाकता येतं. ‘माझ्याकडे की नाही’ असा पर्याय तिथेच असतो, परवान्याचं नंतर बघता येतं.

“डिस्प्ले येत नाही, ग्राफिक्स कार्ड गेलं.” एचडीएमआयची वायर कार्डाऐवजी बोर्डाला लावलेली असते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसतं, मग चित्र येणार कुठून?

“रॅम रबराने घासली की चालू होते.” घासण्याने क्वचितच. काढून पुन्हा नीट बसवण्याने, हो. रबराचा भुसा मात्र स्लॉटमध्ये पडतो तो पडतोच. मऊ कोरडं कापड घ्या.

आणि हे एक: “मध्येच लाइट गेली तर बोर्ड जळतो.” विंडोज टाकताना लाइट गेली तर फार तर सेटअप पुन्हा सुरू करावं लागतं. डिस्क आधीच कोरी होती, गमावण्यासारखं काही नाही. बायोस अपडेट करताना गेली तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा बोर्डाच्या चिपमधलंच लिखाण अर्धवट राहतं आणि बायोस फ्लॅशबॅकची सोय नसेल तर मशीन खरोखरच उठत नाही.

शेजारच्या पोराचं विंडोज पडलं, ड्रायव्हर पडले. तेवढ्यात त्याला बोर्डाच्या साइटवर बायोसची नवी आवृत्ती दिसली. “काका, आत्ताच मारून टाकू का?” दुपारचा दीड वाजला होता. घरात यूपीएस नाही आणि वार गुरुवार. आमच्याकडे वीज दुरुस्तीच्या कामांसाठी जाते ती याच दिवशी. मी त्याच्या हातातला पेनड्राइव्ह काढून खिशात टाकला. “शुक्रवारी दे माघारी,” तो म्हणाला. “फर्स्ट शिफ्ट आहे, चारला घरी येतो.”